सूत्रधार विंगेत, नट बॅटरीवर

दोन मिनिटांच्या प्रयोगासाठी हातात एकूण पाच मिनिटे. तेवढ्यात नेपथ्य आणून मांडायचे, संगीत कुठून सुरू करायचे ते ध्वनियंत्रणेवर बसलेल्या माणसाला सांगायचे, प्रेक्षकांना कथेची ओळख करून द्यायची आणि नटांना आपापल्या जागी उभे करायचे. संगीत सुरू झाले की दिग्दर्शकाच्या हातात फारसे काही उरत नाही. नट अडखळला, भलत्याच दिशेला वळला किंवा आखलेल्या चौकटीबाहेर गेला, तर त्याला ढकलून जागेवर आणता येत नाही. आणले तर गुण जातात. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करण्याची मुभा असते, पण तिचीही किंमत गुणांतच मोजावी लागते. इथे नट म्हणजे रोबो आणि दिग्दर्शक म्हणजे शाळकरी मुले.

‘रोबोकप ज्युनिअर’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातल्या ‘ऑनस्टेज’ या स्पर्धेचे हे वर्णन. दोन ते पाच मुलांचा संघ, जागतिक फेरीसाठी वयोमर्यादा 14 ते 19, आणि प्रयोगाचा अवधी किमान एक व कमाल दोन मिनिटे. नृत्य, कथाकथन, नाटक किंवा कलामांडणी, काहीही चालते. मुलांनी स्वतः रंगमंचावर उतरून रोबोंबरोबर काम केले तरी हरकत नसते. अट एकच, की रोबोने स्वायत्तपणे वागले पाहिजे. रिमोटने खेळवायची सोय नाही.

रोबोटिक्सच्या शालेय स्पर्धा आता गल्लोगल्ली झाल्या आहेत. काळ्या रेषेवरून गाडी चालवणे, चेंडू गोलात टाकणे, ठोकळे रंगांप्रमाणे वेगळे करणे, असे त्यांचे स्वरूप असते आणि त्यात कोण जिंकले हे घड्याळ किंवा गुणफलक सांगतो. नाटक करणाऱ्या रोबोंचे तसे नाही. म्हणूनच पाव शतकानंतरही या स्पर्धेकडे काही जण ‘मुलांची गंमत’ म्हणून, तर काही जण सर्वांत अवघड शालेय स्पर्धा म्हणून पाहतात.

फुटबॉलच्या घरात नाच

मूळ रोबोकप फुटबॉलसाठी सुरू झाला. हिरोआकी किटानो, मिनोरू असादा, मॅन्युएला व्हेलोसो आदी संशोधकांच्या पुढाकाराने 1997 मध्ये जपानमधल्या नागोया शहरात पहिली स्पर्धा झाली. मानवाकृती रोबोंच्या संघाने 2050 पर्यंत विश्वविजेत्या मानवी फुटबॉल संघाला हरवायचे, हे तिचे जाहीर उद्दिष्ट. खेळाडू विद्यापीठांचे होते आणि प्रश्न संशोधनाचे. मुलांसाठीची शाखा पुढच्याच वर्षी डोकावली. पॅरिसमधल्या 1998 च्या रोबोकपमध्ये डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातले हेन्रिक हाउटोप लुंड आणि त्यांचे सहकारी लुईजी पाल्यारिनी यांनी लेगोच्या तुकड्यांपासून बनवलेल्या फुटबॉलपटूंचे प्रात्यक्षिक दाखवले. लेगोचा ‘माइंडस्टॉर्म्स’ संच त्याच वर्षी बाजारात आला होता, हा योग महत्त्वाचा ठरला. सोल्डरिंग न शिकताही मुलांना मोटर, संवेदक आणि प्रोग्रॅम एकत्र आणता येऊ लागले.

मेलबर्नला 2000 मध्ये रोबोकप ज्युनिअरची रीतसर स्पर्धा भरली आणि फुटबॉलच्या या घरात नाच पहिल्याच वर्षी शिरला. फुटबॉलचा रोबो लहान मुलांना जड जातो. चेंडू शोधायचा, प्रतिस्पर्धी टाळायचा आणि हे सगळे क्षणार्धात करायचे असते. नाचात मात्र अगदी नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात काहीतरी दाखवता येते. चाके फिरली, हात हलले, संगीत वाजले की प्रयोग उभा राहतो. सुरुवातीच्या वर्षांत प्राथमिक शाळेतली मुले इकडे वळली ती यामुळेच.

पुढे मुले मोठी झाली आणि नाचही. रोबो एकमेकांशी बिनतारी संदेशांनी बोलू लागले, कॅमेऱ्याने माणसाच्या हालचाली ओळखू लागले, आणि ‘डान्स’ हे नाव अपुरे पडू लागले. गेल्या दशकाच्या मध्यावर ते ‘ऑनस्टेज’ झाले. नवख्यांसाठी आणि अनुभवींसाठी वेगळे गट पडले. वेगवेगळ्या देशांतल्या संघांनी स्पर्धेच्या ठिकाणीच जोडी जमवून, थोड्या वेळात नवा संयुक्त प्रयोग बसवायचा, अशी ‘सुपरटीम’ची फेरीही आहे. एकमेकांची भाषा येत नसलेली मुले आणि एकमेकांचा प्रोटोकॉल ठाऊक नसलेले रोबो यांच्यात तालीम कशी होते, हे पाहण्यासारखे असते.

वाघ उशिरा आला तर?

रंगमंच रोबोकडून नेमके काय मागतो, हे ‘म्हातारी आणि भोपळा’ या गोष्टीवरून समजून घेता येईल. समजा, एका संघाने हीच गोष्ट घेतली. भोपळा हा चाकांवरचा रोबो, वाघ हा दुसरा आणि कोल्हा तिसरा. भोपळ्याने घरंगळत यायचे, वाघापाशी थांबायचे, आतून म्हातारीचा आवाज यायचा आणि भोपळ्याने पुढे निघायचे.

हे दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार घड्याळाचा: भोपळा तीन सेकंद चालेल, सहा सेकंद थांबेल, मग डावीकडे वळेल. आवाज आधीच मुद्रित केलेला. वाघाचा जबडा चौथ्या सेकंदाला उघडेल. पुण्यातल्या गणेशोत्सवात मंडळांचे हलते देखावे अशाच रीतीने चालतात. मोटर फिरते, ध्वनिफीत वाजते, मावळ्याचा हात वर जातो, आणि समोर कोणी उभे असो वा नसो, दर दहा मिनिटांनी तो तसाच वर जातो. देखाव्याला तेवढे पुरते, कारण तिथे मूर्ती जागेवरून हलत नाहीत.

चालणाऱ्या रोबोला ते पुरत नाही. तालमी करकरून बॅटरी उतरली की मोटरचा वेग मंदावतो. मग ‘तीन सेकंद’ म्हणजे सकाळी दीड मीटर आणि दुपारी सव्वा मीटर. शाळेतल्या फरशीवर चाक जेवढे घसरते तेवढेच स्पर्धेच्या लाकडी फळ्यांवर घसरेल याची खात्री नसते. सुरुवातीला रोबो दोन अंश तिरका ठेवला गेला, तर पहिल्या वळणापर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवटच्या वळणापर्यंत मात्र भोपळा वाघाच्या पाठीमागे जाऊन थांबलेला असतो आणि वाघ रिकाम्या जागेवर जबडा उघडतो.

दुसरा प्रकार संवेदनेचा. भोपळा सेकंद मोजत नाही. चाकांवरच्या एन्कोडरने फेऱ्या मोजतो, जायरोस्कोपने दिशा धरून ठेवतो, समोर काही आले की अल्ट्रासोनिक संवेदकाने अंतर पाहतो आणि थांबतो. थांबला की वाघाला ‘पोचलो’ असा संदेश पाठवतो. तो संदेश मिळेपर्यंत वाघ तोंड उघडत नाही. वाघ उशिरा आला तर भोपळा वाट पाहतो. रंगकर्मी ज्याला ‘क्यू घेणे’ म्हणतात ते हेच. समोरच्याचे वाक्य संपले की आपले सुरू करायचे. घड्याळात किती वाजले याला अर्थ नाही.

परीक्षक या दोन प्रकारांतला फरक शोधत असतात. रोबो-रोबो संवाद, माणूस-रोबो संवाद आणि संवेदकांचा अर्थपूर्ण वापर यांना वजन मिळते, ते याच कारणाने.

संवेदनेचा मार्ग धरला की रंगमंच स्वतःची संकटे पुढे करतो. प्रखर दिव्यांमुळे इन्फ्रारेड संवेदक फसतात. शाळेतल्या ट्यूबलाइटखाली लाल दिसणारा शेला रंगीत झोतात कॅमेऱ्याला नारिंगी वाटतो. शेकडो मोबाइल आणि डझनावारी संघांची ब्लूटूथ-वायफाय उपकरणे एकाच सभागृहात असल्यामुळे संदेश हरवतात किंवा उशिरा पोचतात. टाळ्यांच्या गजरात आवाज ओळखणारा प्रोग्रॅम बहिरा होतो. वेशभूषेचा उपद्रव निराळाच. मऊ कापड अल्ट्रासोनिक लहरी शोषून घेते, त्यामुळे फरचा वाघ भोपळ्याला ‘दिसत’ नाही. लुगड्याचा काठ चाकात अडकतो. सुंदर मुकुट चढवला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळताना रोबो आडवा होतो. मापे घेताना शिंपी आणि अभियंता शेजारी बसावे लागतात. शाळेत ही दोन कामे सहसा दोन वेगळ्या मुलांकडे असतात आणि भांडणे तिथेच होतात.

टाळ्या वेगळ्या, गुण वेगळे

प्रयोग हा मूल्यमापनाचा एक भाग. त्याखेरीज तांत्रिक मुलाखत असते, रोबोच्या करामती सुट्या करून दाखवण्याचे प्रात्यक्षिक असते, भित्तिपत्रक आणि तांत्रिक माहितीपत्रही असते. मुलाखतीत प्रत्येक मुलाने आपण काय केले ते सांगायचे असते. ही मोटर का निवडली, हा प्रोग्रॅम कोणी लिहिला, संदेश पोचला नाही तर रोबो काय करतो, असे प्रश्न येतात. शिक्षक आणि पालकांना मुलांच्या कामाच्या जागेत जाऊन मदत करता येत नाही. तयार संच वापरायला बंदी नाही, पण दुकानातून आणलेला रोबो जसाच्या तसा उभा केला तर त्याचे श्रेय मिळत नाही.

या रचनेमुळे प्रेक्षकांचा कौल आणि निकाल यांत अंतर पडते. सभागृह डोक्यावर घेणारा प्रयोग मागे राहतो आणि साधासा दिसणारा पुढे जातो. यामागे अन्याय असतोच असे नाही. झगमगाटी प्रयोग पूर्णपणे घड्याळावर बेतलेला असू शकतो आणि साध्या प्रयोगात दोन रोबो खरोखरच एकमेकांना प्रतिसाद देत असू शकतात. तरी एक कोडे उरतेच. जी तांत्रिक करामत प्रेक्षकांना कळतच नाही तिला रंगमंचावर किती किंमत द्यायची? नाटकात जे दिसत नाही ते नसते, असे रंगकर्मी म्हणतील. दिसते तेवढ्यावर अभियांत्रिकी जोखता येत नाही, असे अभियंते म्हणतील. मुलाखत आणि प्रयोग वेगळे ठेवून नियमांनी हा वाद मिटवलेला नाही, दोन टेबलांवर वाटून दिला आहे.

मोठ्यांचे रोबो-नाटक

व्यावसायिक रंगभूमीवरचा रोबो या मुलांच्या तुलनेत मोकळा सुटलेला आहे. पहिला रोबो मुळात नाटकातच दिसला. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ मधला, 1921 सालचा, माणसानेच वठवलेला. कारखान्यात काम करणारा औद्योगिक रोबो त्यानंतर 40 वर्षांनी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झाला.

खऱ्या यंत्रांना भूमिका देण्याचा गंभीर प्रयत्न जपानी नाटककार ओरिझा हिराता आणि ओसाका विद्यापीठातले रोबोतज्ज्ञ हिरोशी इशिगुरो यांनी 2008 पासून केला. अंतराळयुद्धाच्या वाटेला न जाता हिरातांनी घरकाम करणाऱ्या, कामाला कंटाळलेल्या रोबोची गोष्ट लिहिली. पुढे 2010 मध्ये आलेल्या ‘सायोनारा’ त, मरणाच्या वाटेवरल्या तरुणीला कविता ऐकवणारी मानवसदृश यंत्रस्त्री ‘जेमिनॉइड एफ’ रंगमंचावर बसली. तिचा आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव मात्र पडद्यामागे बसलेली अभिनेत्री पुरवत होती.

म्हणजे ज्या गोष्टीची मोठ्यांना मुभा आहे, तीच शाळकरी मुलांना नाकारलेली आहे. हिरातांना प्रेक्षकांच्या मनात जीव असल्याचा भास जागवायचा होता. त्यासाठी यंत्रामागे माणूस असला तरी चालत होते. स्पर्धेला मात्र मुलांनी तो माणूस काढून टाकायला हवा आहे. त्यामुळे दोन मिनिटांच्या शालेय प्रयोगात स्वायत्ततेचा प्रश्न व्यावसायिक नाटकापेक्षा अधिक कडकपणे विचारला जातो.

नाटक आणि यंत्र यांची शाळकरी सांगड घालणारी एक जुनी परंपरा अमेरिकेतही आहे. न्यू जर्सीतल्या ग्लासबरो स्टेट कॉलेजात औद्योगिक आरेखन शिकवणारे सॅम मिक्लस यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑडिसी ऑफ द माइंड’ मध्ये मुले आठ मिनिटांत आपण लावलेली उकल नाट्यरूपात मांडतात. तिथे खर्चाला मर्यादा असते आणि बाहेरच्या कोणाची मदत घेतली तर गुण कापले जातात. रोबो तिथे सक्तीचा नाही. टाकाऊ वस्तूंचे वाहनही चालते. खर्चाची मर्यादा हा पैसेवाल्या संघाला आपोआप मिळणारा फायदा रोखण्याचा सरळ उपाय आहे आणि रोबोवाल्यांनी तो अजून पुरता उचललेला नाही.

गोष्ट असली की कोण येते?

रोबोकप ज्युनिअरच्या जडणघडणीत सहभागी असलेल्या एलिझाबेथ स्क्लार, एमी एगुची आणि जेफ्री जॉन्सन यांनी पहिल्या काही वर्षांतल्या सहभागाचा अभ्यास केला. फुटबॉलपेक्षा नृत्याच्या विभागात मुली अधिक दिसतात, हे त्यातून पुढे आले. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या नॅटली रस्क, मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 च्या लेखात याला व्यापक रूप दिले. केवळ आव्हान न देता विषय द्यावा, कला आणि अभियांत्रिकी एकत्र आणावी, गोष्ट सांगू द्यावी, स्पर्धांबरोबर प्रदर्शनेही भरवावीत. म्हणजे यंत्रांकडे एरवी न वळणारी मुले येतात, असे त्यांचे म्हणणे. सीमोर पॅपर्ट यांच्या 1980 च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकापासून चालत आलेल्या विचाराचेच हे पुढचे पाऊल होते.

यावर उलट आक्षेपही आहे. नाच मुलींसाठी आणि फुटबॉल मुलांसाठी अशी वाटणी झाली, तर जुनाच भेद नव्या सामानात शिरतो. संघाच्या आत तो अधिक बारकाईने शिरतो: मुली वेशभूषा आणि कथा पाहतात, मुलगे प्रोग्रॅम लिहितात. मुलाखतीत प्रत्येकाला तांत्रिक प्रश्न विचारण्याचा नियम इथे कामी येतो. शिवणकाम करणाऱ्या मुलीला संवेदक कापडाआड का फसतो हे सांगता आले, तर तिने दोन्ही केले आहे.

खर्चाचा आक्षेप त्याहून टणक आहे. लेगोने माइंडस्टॉर्म्सचे उत्पादन 2022 अखेर थांबवले. आर्डुइनो आणि रास्पबेरी पाय या छोट्या सर्किट बोर्डांमुळे रोबोचा मेंदू स्वस्त झाला, पण चांगल्या सर्वो मोटरी, बॅटऱ्या, थ्रीडी प्रिंटिंग आणि रोबो सुटकेसमध्ये भरून परदेशी नेण्याचा खर्च स्वस्त झालेला नाही. कोविडमुळे 2020 ची जागतिक स्पर्धा रद्द झाली आणि 2021 ची दूरस्थ पद्धतीने झाली. प्रवासाविनाही प्रयोग पाहता येतो हे तेव्हा दिसले, आणि कॅमेऱ्यासमोर हवे तितक्या वेळा चित्रित करता येणारा प्रयोग हा रंगमंचीय प्रयोग राहत नाही, हेही.

दहीहंडी फोडणारे रोबो

महाराष्ट्राचा या विषयाशी एक खराखुरा धागा आहे, तो शाळांचा नसून महाविद्यालयांचा. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ‘एबीयू रोबोकॉन’ ही स्पर्धा 2002 पासून चालते. तिचे मूळ जपानच्या एनएचके वाहिनीवरच्या स्पर्धेत आहे. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतून खेळ रचायचा, ही तिची प्रथा. पुण्याने 2008 मध्ये यजमानपद घेतले तेव्हा खेळ होता गोविंदाचा: उंचावरच्या मडक्यांतले लोणी रोबोंनी मिळवायचे. पुण्यातच 2014 मध्ये झालेल्या स्पर्धेचा विषय होता आई-बाप. मोठ्या रोबोने छोट्या रोबोला उचलून सीसॉ, झोका, जंगलजिम अशी बागेतली खेळणी खेळवायची. ती नाटके नव्हती, गुण कामगिरीलाच होते. तरीही मूल झोक्यावरून पडते की काय या धास्तीने सभागृह श्वास रोखते, तेव्हा यंत्राला भूमिका मिळालेली असते.

शाळांच्या पातळीवर महाराष्ट्राकडे दोन्ही बाजू आहेत, पण वेगवेगळ्या खोल्यांत. नाटकाची बाजू तर भरभक्कम. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणून बालरंगभूमीला सुरुवात केली, त्यानंतर मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था उभी केली आणि आज राज्य बालनाट्य स्पर्धेत जिल्ह्याजिल्ह्यांतून संघ उतरतात. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचा विज्ञान नाट्योत्सवही आहे. त्यात शाळकरी मुले विज्ञानावर नाटके बसवतात आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र त्यातला एक महत्त्वाचा दुवा आहे. या नाटकांत विज्ञान हा विषय असतो. रंगमंचावरचे यंत्र मात्र बहुतेकदा पुठ्ठ्याचे.

यंत्रांची बाजू नवी आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने 2016 पासून देशभरात सुमारे 10,000 शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. प्रत्येक शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी 50,000 प्रयोगशाळांची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. या प्रयोगशाळांत तयार होणाऱ्या वस्तू ठरावीक साच्याच्या दिसतात: स्वयंचलित कचराकुंडी, पाणी मोजणारी टाकी, अंधांसाठी काठी. उपयुक्तता हा निकष कडक असल्यामुळे, निव्वळ गोष्ट सांगणारे यंत्र बनवायचे धाडस मुले करत नाहीत आणि शिक्षकही सुचवत नाहीत.

ही दोन दालने जोडायला नवी इमारत लागत नाही. एखाद्या विज्ञान नाट्योत्सवात ‘किमान एक पात्र स्वायत्त यंत्र असावे’ असा वेगळा गट सुरू करणे शक्य आहे. मात्र तसे करण्याआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतील. खर्चाची कमाल मर्यादा ‘ऑडिसी’सारखी कडक ठेवली नाही, तर मुंबई-पुण्याच्या शाळांपुढे गडचिरोली किंवा नंदुरबारचा संघ पहिल्याच दिवशी बाद होईल. परीक्षकांत नाट्यशिक्षक आणि इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस दोघेही हवेत आणि मुलाखतीला प्रयोगाइतकाच वेळ हवा. आवाज ओळखणारी स्वस्त मोड्यूल बहुधा इंग्रजी किंवा चिनी आज्ञांसाठी घडवलेली असतात. मराठी संवाद ऐकून क्यू घेणारा रोबो बनवायचा तर मुलांना आवाजाचे नमुने स्वतः गोळा करावे लागतील, आणि त्यात मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी उच्चार आले की काम वाढेल. कोड आणि संवाद दोन्ही चॅटबॉटकडून लिहून घेता येऊ लागल्यापासून ‘हे कोणी केले’ हा प्रश्न कागदपत्रांवरून सुटत नाही. त्याचे उत्तर मिळवायचे तर परीक्षकाने तालमीच्या जागी जाऊन एखादी तार काढायची आणि आता रोबो काय करेल, असे समोरच्या मुलीला विचारायचे.